आवाजाचा हिशेब मांडणारा शार्ङ्गदेव

आमच्या घरात आवाजाला फार मान. थोरले काका वारकरी कीर्तनकार. गंगाखेडच्या आसपास गोदाकाठच्या गावांत सप्ताह बसला की काल्याच्या कीर्तनाला त्यांना हमखास बोलावणे येई. लाउडस्पीकर बंद पडला तरी मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जावा, असा तो आवाज. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. पानतंबाखूची जुनी सवय भोवली. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण स्वरयंत्र काढावे लागले. श्वास घेण्यासाठी मानेच्या खालच्या बाजूला एक छिद्र ठेवले गेले. आता फुप्फुसातली हवा तोंडापर्यंत येतच नाही, तेथूनच बाहेर पडते.

काका आता विजेरीएवढे एक छोटे यंत्र गळ्याला टेकवून बोलतात. बटण दाबले की ते यंत्र भुंग्यासारखे एकसारखे गुणगुणते. काका जीभ आणि ओठ हलवतात आणि त्या गुणगुणण्यातूनच शब्द उमटतात. चढउतार नाही, राग नाही, लोभ नाही. पण शब्द कळतात. घरातली लहान मुले आधी भ्यायची, आता सरावली आहेत. मला मात्र एक कोडे पडले. काकांचा आवाज गेला असे सगळे म्हणत होते. मग शब्द कसे उरले? आणि शब्द उरले तर नेमके गेले ते काय?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या कोड्याचे उत्तर शोधताना मी खरे तर विज्ञान शाखेच्या कपाटाकडे वळायला हवे होते. पण मी कला शाखेची विद्यार्थिनी, विषय संस्कृत. आमच्या ग्रंथालयात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ चाळत असताना एका शब्दापाशी मी थबकले. शरीरात नाद पाच ठिकाणी प्रकटतो असे ग्रंथकार सांगतो. नाभीत तो अतिसूक्ष्म असतो, हृदयात सूक्ष्म, कंठात पुष्ट, मस्तकात अपुष्ट. आणि तोंडात येतो तेव्हा तो कृत्रिम होतो. कृत्रिम म्हणजे घडवलेला, असा अर्थ मी घेतला आणि काकांचे ते यंत्र डोळ्यांपुढे आले. कंठातला पुष्ट नाद गेला होता. तोंडातले घडवण्याचे काम शाबूत होते. आपल्या या मराठवाड्याच्या भूमीत, देवगिरीला बसून, सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका माणसाने आवाजाची अशी वाटणी करून ठेवली होती. तो माणूस म्हणजे शार्ङ्गदेव. त्याची ओळख करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे, वृषगण ऋषीचा वंश सांगणारे. त्याचे आजोबा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत आले. त्या काळी विद्वान माणूस आश्रय शोधत हजारो मैल चालत जाई, त्यातलाच हा प्रकार. काश्मीर ही अभिनवगुप्ताची भूमी. भरताच्या नाट्यशास्त्रावर मोठी टीका तेथे लिहिली गेली होती. ती परंपरा या घराण्याबरोबर दक्षिणेत आली असे मानायला हरकत नाही, कारण शार्ङ्गदेव आपल्या पूर्वसूरींची नावे घेतो तेव्हा भरत आणि मतंग यांच्याबरोबर अभिनवगुप्ताचेही स्मरण करतो.

भास्कराचा मुलगा सोढल. त्याने यादव राजा भिल्लम आणि पुढे सिंघण यांची मर्जी संपादन केली. देवगिरीची राजधानी भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारली आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघणाच्या कारकिर्दीत यादवांचे राज्य ऐन भरात आले. आपला परभणीचा मुलूखही त्याच राज्यात होता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे पाहिली की त्या काळच्या कारागिरांचा हात कसा होता याची कल्पना येते. सोढलाचा मुलगा शार्ङ्गदेव या दरबारात वाढला आणि श्रीकरण खात्याचा प्रमुख झाला. श्रीकरण म्हणजे राज्याचा हिशेब आणि दप्तर. पुढे हेमाद्री पंडिताने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, जे खाते सांभाळले तेच हे. शार्ङ्गदेव गवई होता, वैद्यकही जाणत होता, अध्यात्मावर त्याने ‘अध्यात्मविवेक’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. पण त्याच्या पोटापाण्याचा उद्योग मात्र जमाखर्चाचा होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण त्याने आवाजाकडे भक्ताच्या नजरेने पाहिले, वैद्याच्या नजरेने पाहिले, आणि मग हिशेबनिसाच्या नजरेने त्याचा ताळा घेतला.

तो स्वतःला निःशंक म्हणवून घेतो. त्याने सांगितलेल्या एका वीणेचे नावही निःशंकवीणा आहे. हे बिरुद त्याने उगाच लावलेले नाही. त्याच्यापूर्वी संगीतावर इतकी मते झाली होती की विद्यार्थ्याच्या मनात शंकाच शंका उरत. ती सगळी मते घुसळून सार काढावे, असा त्याचा संकल्प होता. त्यातून ‘संगीतरत्नाकर’ निर्माण झाला. त्याचे सात अध्याय आहेत : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. म्हणूनच त्याला सप्ताध्यायी असेही म्हणतात.

आता एक गंमत पाहा. संगीताचा ग्रंथ म्हटल्यावर तो सा रे ग म पासून सुरू व्हावा अशी आपली अपेक्षा. शार्ङ्गदेव सुरुवात करतो ती शरीरापासून. गर्भ कसा धरतो, महिन्यामहिन्याने त्याचे अवयव कसे होतात, हाडे किती, नाड्या किती, चक्रे कोणती, हे सगळे तो आधी सांगतो. पिंडोत्पत्ती असे त्या प्रकरणाचे नाव आहे. घाईच्या वाचकाला हे विषयांतर वाटेल. पण त्याचा विचार सरळ आहे. गाणे नादाचे, नाद शरीरातून निघतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्या. वीणा बनवणारा आधी लाकूड पारखतो, तसेच हे.

मग तो नादाचा प्रवास सांगतो. काही बोलावे अशी इच्छा आत्म्याला होते. आत्मा मनाला चालना देतो. मन देहातल्या अग्नीला, अग्नी वायूला. आणि तो वायू वर चढत नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख या पाच ठिकाणी नाद प्रकट करतो. यातला अग्नी बाजूला ठेवला तर उरते ते असे : इच्छा, चालना, हवा, आणि हवेच्या मार्गातली स्थाने. आजचे शरीरशास्त्र काय सांगते? मेंदूची आज्ञा होते, फुप्फुसातली हवा वर येते, स्वरयंत्रातल्या दोन पडद्यांमधून जाताना ते पडदे थरथरतात, आणि त्या थरथरीला घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या आकार देतात. बोलताना पुरुषाचे हे पडदे सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा उघडझाप करतात. काकांचे यंत्र करते ते एवढेच : गेलेल्या पडद्यांची थरथर बाहेरून पुरवते.

आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते, असा दावा मला मुळीच करायचा नाही. शार्ङ्गदेव सांगतो की हृदयात उभ्या नाडीला जोडलेल्या बावीस आडव्या नाड्या आहेत, वायू त्यांच्यावर आदळला की एकाहून एक चढ्या अशा बावीस श्रुती निघतात, आणि कंठात व मस्तकातही तशाच बावीस-बावीस नाड्या आहेत. शवविच्छेदनात अशा नाड्या सापडत नाहीत. येथे तो चुकला. पण चूक कबूल करून पुढे वाचले की लक्षात येते, शार्ङ्गदेवालाही केवळ सांगून भागणार नाही हे कळत होते. शरीर तर उघडून दाखवता येत नाही. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दुसऱ्याला पटवायची कशी? त्याचे उत्तर हीच त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी आहे असे मला वाटते. त्याने शरीराची प्रतिकृती लाकडात आणि तारांत मांडली.

आपल्याकडे शरीरालाही वीणाच म्हणत. एक गात्रवीणा, म्हणजे देहाची. दुसरी दारवी, म्हणजे लाकडाची. शार्ङ्गदेव सांगतो की हुबेहूब सारख्या दोन वीणा घ्या. प्रत्येकीला बावीस तारा लावा. पहिली तार शक्य तितक्या खालच्या सुरात मिळवा. दुसरी तिच्याहून किंचित वर, इतकी किंचित की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद मावू नये. असे बावीस तारांपर्यंत जा. शरीरात सूर खालून वर चढतो, या वीणेवर मात्र वरच्या तारेपासून खालच्या तारेकडे. हा फरकही तो नोंदवायला विसरत नाही. मग स्वर बसवा : षड्ज चौथ्या तारेवर, ऋषभ सातव्या, गांधार नवव्या, मध्यम तेराव्या, पंचम सतराव्या, धैवत विसाव्या आणि निषाद बाविसाव्या तारेवर. एका वीणेला हात लावायचा नाही. ती ध्रुव, म्हणजे अचल. दुसरी चल. या चल वीणेवरचे सगळे स्वर एकेका श्रुतीने खाली आणायचे. दुसऱ्या वेळी उतरवले की चल वीणेचे गांधार व निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतात मिसळतात. तिसऱ्या वेळी ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमात मिसळतात. चौथ्या वेळी षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमे निषाद, गांधार व मध्यमात जातात. म्हणजे दोन स्वर दोन-दोन श्रुतींचे, दोन स्वर तीन-तीन श्रुतींचे आणि तीन स्वर चार-चार श्रुतींचे. चार अधिक सहा अधिक बारा, बरोबर बावीस. खाते जुळले!

दोन वीणांची ही कल्पना मुळात भरताची. पण प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र तार देऊन तिचा असा ताळेबंद मांडणे हे श्रीकरणाच्या अधिकाऱ्यालाच सुचावे. मला तर दोन वह्या समोरासमोर ठेवून नोंदी पडताळणारा कारकून डोळ्यांपुढे येतो. एक वही कायम, दुसरी फिरती. आणि आकडा जुळेपर्यंत उठायचे नाही. हा हिशेब विसाव्या शतकापर्यंत लोकांना झोप लागू देत नव्हता. आपल्या महाराष्ट्रातच कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी श्रुतींचे माप कंपनसंख्येत काढण्याचा प्रयत्न केला. सर्व श्रुती सारख्या अंतराच्या की कमीजास्त, हा वाद पुढेही चालत राहिला. पण वाद घालायला समोर मोजता येण्याजोगी वस्तू हवी, आणि ती वस्तू शार्ङ्गदेवाने ठेवून दिली होती.

त्याच्या हिशेबी बुद्धीचा दुसरा नमुना त्याहून नवलाचा आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, तर त्यांच्या वेगवेगळ्या रांगा किती होतील? उत्तर आहे ५०४०. शार्ङ्गदेव केवळ संख्या सांगून थांबत नाही, त्या रांगा लिहिण्याचा क्रम ठरवून देतो. तीन स्वरांचे उदाहरण घेऊ. सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा, अशा सहा. आता तो विचारतो, पाच हजार चाळीस रांगांपैकी अमुक क्रमांकाची रांग कोणती, हे सगळ्या न लिहिता सांगता येईल का? किंवा उलट, एखादी रांग दिली तर तिचा क्रमांक कोणता? पहिल्या प्रश्नाला नष्ट म्हणतात, दुसऱ्याला उद्दिष्ट. दोन्हींची उत्तरे काढण्यासाठी त्याने खंडमेरू नावाचा पायऱ्यापायऱ्यांचा कोठा दिला आहे. त्यातले आकडे घ्या, बेरीज करा, उत्तर हजर. संगणकाला आपण जी कृती लिहून देतो ती याहून वेगळी काय असते? सुरांची रांग आकड्यात बदलायची आणि आकड्यावरून पुन्हा सुरांची रांग काढायची. त्या दरबारात ही हवाच होती. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन झाला होता. गणित आणि गाणे एकाच अंगणात नांदत होते.

पण आवाज म्हणजे केवळ उंची आणि क्रम नव्हे. दोन माणसे एकच सूर लावतात तरी डोळे मिटून आपण त्यांना वेगवेगळे ओळखतो. हे ओळखण्याजोगे काय असते? ‘प्रकीर्णक’ या अध्यायात शार्ङ्गदेव या प्रश्नाला हात घालतो. तेथे त्याच्यातला वैद्य पुढे येतो. कफप्रधान आवाज खाहुल : स्निग्ध, गोड, मंद्र व मध्य सप्तकात शोभणारा. पित्तप्रधान नाराट : गंभीर आणि तिन्ही सप्तकांत भरणारा. वातप्रधान बोंबक : मोठा, राठ, पण एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ. आणि चौथा मिश्रक, या सर्वांच्या मेळातला. मिश्रणाचे पोटभेद तो बारकाईने सांगतो. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात एकेका खात्यात टाकून पाहिले. कोणाला बोंबकात टाकले ते मात्र येथे लिहीत नाही.

गाणाऱ्याचे दोष त्याने पंचवीस मोजले. कोणी दात आवळून गातो, कोणी भिऊन, कोणी कावळ्यासारखा कर्कश, कोणी उंटासारखी मान उंचावून, कोणी डोळे मिटून, कोणी नाकातून, तर कोणाच्या गळ्याच्या शिरा फुगतात. आमच्या स्नेहसंमेलनाला बसून त्याने ही यादी केली असावी असे वाटावे इतकी ती खरी आहे. गमतीचा भाग सोडला तर ध्यानात येते की बहुतेक दोष तो शरीराच्या अवयवाशी बांधतो : दात, मान, डोळे, नाक. आवाज बिघडला तर कोणता भाग हलवायचा हे त्यातून कळते.

आणि याच अध्यायात काकु येते. आमच्याकडे काकू म्हणजे चुलती, त्यामुळे हे प्रकरण वाचताना मला आधी हसूच आले. येथे काकु म्हणजे आवाजाची छटा. ती सहा प्रकारची. एका स्वरावर दुसऱ्या स्वराची छटा पडते, ती स्वरकाकु. रागाची स्वतःची छटा, ती रागकाकु. दुसऱ्या रागाची सावली पडते, ती अन्यरागकाकु. प्रदेशाची छटा, ती देशकाकु. वीणा, बासरी अशा वाद्यांची छटा, ती यंत्रकाकु. आणि सहावी क्षेत्रकाकु. क्षेत्र म्हणजे शरीर. शरीराशरीरागणिक आवाजाची जी वेगळी जात असते, ती ही. काकांच्या शस्त्रक्रियेनंतर शब्द उरले, मग गेले काय, या माझ्या प्रश्नाचे नेमके नाव मला येथे मिळाले. गेली ती क्षेत्रकाकु.

बाहेरच्या जगात आवाजाची प्रतिकृती करण्याचा नाद पुढे अनेकांना लागला. हंगेरीच्या फॉन केंपेलेन याने १७९१ साली मानवी बोलण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. त्याने एक बोलते यंत्रही केले होते. फुप्फुसाच्या जागी भाता, स्वरयंत्राच्या जागी थरथरणारी पट्टी आणि तोंडाच्या जागी हाताने आकार बदलता येणारे रबराचे नरसाळे. अमेरिकेत होमर डडली याच्या व्होडर नावाच्या विद्युतयंत्राला १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी बोलताना ऐकले. त्यात एक गुणगुण आणि एक फुसफुस असे दोनच मूळ आवाज होते. त्यांना शब्दांचा आकार देण्याचे काम कळांनी होई आणि सुराची उंची पायाने दाबायच्या दांडीने बदले. ते वाजवायला मुलींना फार दिवस शिकवावे लागे. यातही तीच वाटणी आहे : नाद कोठून येतो ते वेगळे, त्याला आकार कोण देतो ते वेगळे. आजचा संगणक आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. काय बोलले गेले आणि कोणी बोलले, या दोन गोष्टी तो वेगळ्या करायला शिकला आहे. एकाच्या तोंडचे वाक्य दुसऱ्याच्या आवाजात घालणे त्याला जमते. शार्ङ्गदेवाच्या भाषेत बोलायचे तर क्षेत्रकाकु क्षेत्रापासून सुटी झाली आहे.

या ग्रंथात आपल्या अगदी जवळची म्हणावी अशी एक नोंद आहे. प्रबंधाध्यायात लोकांत गायल्या जाणाऱ्या रचनांमध्ये ओवीचा उल्लेख येतो. त्याआधी बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजानेही आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असे नोंदवले होते. शार्ङ्गदेवानंतर काही दशकांतच, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी त्याच ओवीत गीतेचा अर्थ सांगितला, आणि गंगाखेडची जनाबाई जात्यावर विठ्ठलाला हाका घालू लागली. काश्मिरी रक्ताच्या, संस्कृतात लिहिणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने उखळाजवळच्या बाईचा आवाजही आपल्या वहीत जमा धरला, याचे मला फार अप्रूप वाटते.

देवगिरीचे राज्य पुढे टिकले नाही. १२९६ साली अल्लाउद्दीनाची स्वारी झाली आणि नंतरच्या दोन दशकांत यादवांची सत्ता संपली. पण ग्रंथ तोवर दूर पोचला होता. चौदाव्या शतकात आंध्रात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली, पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथाने लिहिली. उत्तरेचे आणि दक्षिणेचे संगीत वेगळ्या वाटांनी गेले, तरी दोघेही या ग्रंथाला आपला मानतात. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ साली मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली आवृत्ती छापली. ज्या राज्याचे हिशेब शार्ङ्गदेवाने ठेवले ते राज्य बुडाले. आवाजाचा त्याने मांडलेला हिशेब मात्र अजून लोक तपासत आहेत.

आता शेवटी पुन्हा काकांकडे येते. माझा एक मावसभाऊ पुण्यात संगणकशास्त्र शिकतो. त्याला मी सगळी हकिकत सांगितली. आमच्या माळ्यावर काकांच्या जुन्या कीर्तनाच्या कॅसेटी होत्या. त्यातल्या बहुतेक भागावर पखवाज आणि टाळ दणदणत होते. दोन अभंगांच्या मध्ये काका नुसते बोलतात, असे तुकडे आम्ही वेचून काढले. वीस मिनिटे भरली. त्यावरून त्याने संगणकाला काकांचा आवाज शिकवला. दिवाळीत तो परभणीला आला आणि आम्ही सगळे माजघरात बसलो. मावसभावाने एक वाक्य टंकून कळ दाबली. काकांचा आवाज घरात घुमला. काकू स्वयंपाकघरातून हात न पुसताच धावत आल्या आणि दारात उभ्या राहून रडू लागल्या.

आम्हाला वाटले, काकांनाही आनंद होईल. पण त्यांनी हात वर करून ते थांबवायला लावले. मग यंत्र गळ्याला लावून सावकाश सांगितले, की जे वाक्य वाजले ते मी कधी बोललो नव्हतो. माझ्या आवाजात माझ्या मनाशिवाय काही बोलले जाऊ नये. खोलीत सगळे गप्प झाले. माझ्या मनात मात्र शार्ङ्गदेवाची ती साखळी उभी राहिली. तिची पहिली कडी वायू नव्हे, कंठही नव्हे. ती कोणाला तरी काही बोलावेसे वाटणे ही आहे. ती कडी सोडून बाकीच्या सगळ्या कड्या आम्ही जोडल्या होत्या.

गवयांचे पाच प्रकार सांगताना शार्ङ्गदेवाने अनुकार नावाचा एक प्रकार सांगितला आहे. दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारा. त्याला तो गवयांतून काढून टाकत नाही, पण त्याची जागा ठरवून देतो. आमच्या घरातही तसेच ठरले. आता तो आवाज काकांच्या मोबाइलवर आहे आणि काकांनी स्वतः टंकलेलेच तो बोलतो. त्यांना टंकायला वेळ लागतो. परगावच्या जुन्या श्रोत्याचा फोन आला तर ते तो वापरतात. अभंगाची चाल त्याला येत नाही, आणि ती त्याच्याकडून म्हणून घ्यायची काकांची इच्छाही नाही. चहा हवा असेल तर मात्र ते गळ्याला यंत्र लावून एकसुरी हाक मारतात आणि काकू त्या गुणगुणण्यालाच ओ देतात.

परीक्षेच्या दृष्टीने ‘संगीतरत्नाकर’ कोणाला फारसा उपयोगी पडेल असे नाही. पण आपल्यापैकी ज्यांना गाणे येते त्यांनी, आणि माझ्यासारख्या ज्यांना येत नाही त्यांनीही, तो एकदा ग्रंथालयातून काढून निदान पहिली काही पाने वाचावीत, अशी माझी नम्र विनंती आहे. बोलताना आपल्या आत केवढा कारभार चालतो हे एका कारभाऱ्याने तेथे लिहून ठेवले आहे.